साथीच्या काळात जनता कोणाचे ऐकते? कलकत्त्याची साक्ष

३० एप्रिल २०२० रोजी पश्चिम बंगालच्या मुख्य सचिवांनी पत्रकारांपुढे एक हिशेब मांडला. कोरोनाची बाधा झालेले १०५ रुग्ण राज्यात मरण पावले होते. परंतु राज्य सरकारने नेमलेल्या मृत्यू-परीक्षण समितीच्या मते त्यांपैकी ३३ मृत्यूच कोरोनामुळे झाले होते. उरलेले ७२ जण अन्य व्याधींनी दगावले होते आणि कोरोना त्यांच्या देहात केवळ आनुषंगिक म्हणून आढळला होता. माणूस कशाने मेला हे त्याच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टराने सांगायचे नाही, राजधानीत बसलेल्या समितीने कागद पाहून ठरवायचे, अशी ही व्यवस्था होती.

या हिशेबाचा परिणाम असा झाला की ७२ च्या आकड्याबरोबर ३३ च्या आकड्यावरचाही लोकांचा विश्वास उडाला. केंद्र सरकारच्या पथकाने मे महिन्याच्या आरंभी राज्याला कळविले की बंगालमधील मृत्यूचे प्रमाण १२.८ टक्के म्हणजे देशात सर्वाधिक आहे, आणि तपासण्या अपुऱ्या असल्याचेच हे द्योतक आहे. निष्कर्ष चुकीचा नव्हता. पण सांगणारा कोण होता? त्याच केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले की टाळेबंदीत गावाकडे परतताना किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती आपल्याजवळ नाही. जुलै २०२१ मध्ये त्याने उत्तर दिले की प्राणवायूच्या अभावी मृत्यू झाल्याचे कोणत्याही राज्याने स्वतंत्रपणे कळविलेले नाही. कोलकात्याच्या सामान्य माणसापुढे अशी दोन सरकारे उभी होती, दोघेही एकमेकांच्या लपवाछपवीकडे बोट दाखवीत होते, आणि दोघांचेही बोट बरोबर होते. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लक्ष अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. सरकारी आकडा ४ लक्ष ८१ हजारांच्या घरात होता. सरकारने संघटनेच्या गणितपद्धतीवर आक्षेप घेतला. ज्यांच्या घरातले माणूस गेले होते त्यांना गणितपद्धतीत रस नव्हता.

साथ आली की अफवा येतात, आणि अफवा आल्या की राज्यकर्ते व त्यांची री ओढणारी भांडवली वृत्तपत्रे एकच स्पष्टीकरण पुढे करतात: जनता अडाणी आहे, तिला विज्ञान कळत नाही, सबब खोट्या बातम्यांवर बंदी घाला, बोलणाऱ्यांना पकडा आणि अधिकृत तेवढेच छापा. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, कारण त्यात राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या वर्तनाची चौकशी करावी लागत नाही. पण लोक एखाद्या बातमीवर विश्वास ठेवतात तो तिच्यावरचा शिक्का पाहून ठेवीत नाहीत. बातमी देणाऱ्याने यापूर्वी आपल्याशी कसा व्यवहार केला हे ते पाहतात, आणि त्याने स्वतःच्या गैरसोयीचे सत्य कधी तोंडातून काढले होते काय हेही पाहतात. या कसोटीवर कलकत्त्याचा सव्वाशे वर्षांचा अनुभव तपासून पाहण्याजोगा आहे. आणि त्याचे एक टोक पुण्याशी बांधलेले असल्यामुळे मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्ता नगरपालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. सिम्पसन यांनी त्या शहरातही प्लेगसदृश रुग्ण आढळल्याचे सांगितले. सरकारच्या वैद्यकीय मंडळाने ते मान्य केले नाही. यात केवळ वैद्यकशास्त्राचा मतभेद होता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कलकत्ता हे तेव्हा साम्राज्याच्या राजधानीचे शहर होते आणि ताग, चहा व अफू यांचे बंदरही होते. प्लेग जाहीर होणे म्हणजे परदेशी बंदरांत जहाजे अडकून पडणे, आणि १८९७ मध्ये व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नेमका हाच प्रश्न चर्चेला होता. व्यापाऱ्यांची काळजी जहाजांना होणाऱ्या विलंबाची होती. आजारी माणसाची काळजी कोणाला होती, याचा अंदाज कलकत्त्याच्या रहिवाशाने आपल्यापुरता बांधला.

तो अंदाज बांधण्यासाठी त्याच्याजवळ पुण्याच्या बातम्या होत्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. चारच कलमांचा हा कायदा, पण त्याने अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, माणसे उचलून नेण्याचे, सामान जाळण्याचे जवळजवळ अनिर्बंध अधिकार दिले. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. 'केसरी'चे सुरुवातीचे धोरण प्लेगच्या उपायांना विरोध करण्याचे नव्हते, हे अनेकदा विसरले जाते. टिळकांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला होता. विरोध उपायांच्या रीतीला होता, देवघरात बुटांनी शिरण्याला होता. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून दीड वर्षाची शिक्षा झाली. त्यांच्या बचावासाठी कलकत्त्यात निधी जमविण्यात आला व त्या खटपटीत रवींद्रनाथ ठाकूरही होते. म्हणजे पुण्यात काय घडले हे कलकत्त्याला ठाऊक होते, आणि ज्याने ते छापले त्याचे काय झाले हेही.

याच काळातील गोखल्यांची गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. १८९७ मध्ये ते इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या खासगी पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे सोजिरांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांचा जाहीर उच्चार केला. परत आल्यावर पत्रलेखकांची नावे सांगता येईनात, साक्षीला कोणी उभे राहीना, आणि गोखल्यांना माफी मागावी लागली. सरकारने याचा अर्थ असा लावला की आरोप खोटे होते. पुण्याने अर्थ लावला की गोखले डगमगले. तिसरी गोष्ट कोणी फारशी बोलले नाही: ज्या राज्यात साक्षीदार आपले नाव सांगू धजत नाही, तेथे खरी बातमीदेखील सांगोवांगीच्या वेषातच हिंडते. मग तिला अफवेपासून वेगळे कसे ओळखायचे?

फेब्रुवारी १८९८ मध्ये, प्लेग कलकत्त्याला येण्यापूर्वी अवघे दोन महिने, त्याच शहरात बसलेल्या व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक केले, लोकवर्गांत वैमनस्य पसरविण्याचे नवे कलम घातले आणि अफवांसंबंधीचे कलम नव्याने लिहिले. विधेयक मंजूर होण्याच्या सुमारास रवींद्रनाथांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये आपला निबंध वाचला. त्याचे नावच 'कंठरोध' होते. 'बंगवासी'वर १८९१ मध्ये राजद्रोहाचा खटला होऊन गेलेला होता, आणि 'अमृतबाजार पत्रिके'ने १८७८ मध्ये देशी भाषांच्या वृत्तपत्रांवरील कायद्यातून सुटण्यासाठी एका रात्रीत बंगाली सोडून इंग्रजी भाषा पत्करल्याची कथा तर सर्वश्रुतच होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सरकारला लोकमत कळत नव्हते असे मात्र मुळीच नाही. बंगालीतून निघणारी वृत्तपत्रे सरकारी भाषांतरकार दर आठवड्याला वाचीत आणि त्यांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा गोपनीय अहवाल म्हणून वरिष्ठांकडे जाई. इतिहासकारांना आज हे अहवाल अमोल वाटतात, कारण मूळ अंक अनेकदा नष्ट झाले आहेत. पण त्या कचेरीच्या कामाची दिशा ध्यानात घेण्यासारखी आहे. जनतेचे बोलणे साहेबाच्या भाषेत नेण्यासाठी पगारी माणसे होती, आणि वाचनाचा हेतू मुख्यतः कोण काय लिहितो यावर नजर ठेवण्याचा होता. सरकार काय करणार आहे हे गाडीवानाच्या, भंग्याच्या, पालखीवाहू ओडिया भोयाच्या भाषेत उलट दिशेने सांगण्याची व्यवस्था जवळजवळ नव्हती. 'स्टेट्समन' आणि 'इंग्लिशमन' गोऱ्यांच्या व सुशिक्षितांच्या टेबलावर जात. 'हितवादी', 'संजीवनी' मध्यमवर्गीय बंगाली घरात. बिहार व संयुक्त प्रांतातून पोटासाठी आलेल्या हिंदी-उर्दू भाषिक कष्टकऱ्याला यांपैकी एकही वृत्तपत्र आपले म्हणून उद्देशून बोलत नव्हते. त्याचे वृत्तपत्र म्हणजे नाका, गुत्ता, मशिदीची पायरी आणि हावडा स्टेशनावर उतरलेला गाववाला.

एप्रिल १८९८ मध्ये कलकत्त्यात प्लेगचे रुग्ण सापडले आणि महिनाअखेर साथ अधिकृतपणे जाहीर झाली. पुढच्या काही दिवसांत जे घडले त्याला घबराट हा शब्द अपुरा पडतो. आगगाड्या व आगबोटी भरभरून लोक शहर सोडून पळू लागले. बड्या बाजारातील व्यापारी गेले, घरकामाची माणसे गेली. गाडीवान व सफाई कामगार काम टाकून बसले. टोचणाऱ्या डॉक्टरांविषयी असे पसरले की ते रस्त्यातल्या माणसाला धरून बळाने सुई खुपसतात. त्यामुळे रुग्णवाहिका दिसली की जमाव जमे आणि काही युरोपीयांना मारहाणही झाली. एक कथा अशी सांगत की हिमालयात एका योग्याने लाटसाहेबाला बजावले आहे, इंग्रजांचे राज्य टिकवायचे तर कालीमातेला दोन लाख माणसांचा बळी द्यावा लागेल. म्हणून ही सुई.

या कथेला हसणे सोपे आहे, आणि तत्कालीन इंग्रजी वृत्तपत्रे हसलीही. पण तिचे अंग तपासून पाहावे. सरकार आपले राज्य टिकविण्यासाठी लाखो माणसांचे प्राण खर्ची घालू शकते, हा तिचा गाभा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली होती, आणि त्याच जून महिन्यात महाराणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव थाटाने साजरा झाला होता. मग गाडीवानाने काढलेला निष्कर्ष वैद्यकीयदृष्ट्या निखालस चूक असला तरी राजकीयदृष्ट्या तो वेडगळ होता असे कोणाला म्हणता येईल? आदल्याच वर्षी शहराच्या टाला भागात मशिदीच्या जागेवरून दंगल झाली होती आणि गरीब मुसलमानांवर गोळीबार झाला होता. ज्या हातांत बंदूक पाहिली त्याच हातांत वर्षभरात सुई दिसली.

ही घबराट कशी ओसरली हा या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. नुकतेच अधिकारावर आलेले लेफ्टनंट-गव्हर्नर सर जॉन वुडबर्न यांच्या सरकारने मुंबई-पुण्याचा धडा घेऊन सक्ती मागे घेतली. लस ऐच्छिक राहील, घरात वेगळी जागा असेल तर रुग्णाला घरीच ठेवता येईल, कुटुंबांसाठी व निरनिराळ्या समाजांसाठी त्यांची त्यांची रुग्णालये काढता येतील, असे आश्वासन त्याने दिले. मुख्य म्हणजे ते बव्हंशी पाळले. वुडबर्न यांना जनतेचा पुळका आला होता असे मानण्याचे कारण नाही. बंदर आणि गिरण्या चालू राहणे त्यांना हवे होते, आणि सफाई कामगार कामावर नसलेले कलकत्ता मे महिन्यात किती दिवस तग धरू शकते हे त्यांना कळत होते. संपाने कायद्यापेक्षा अधिक काम केले, असेही म्हणता येईल.

आणि आश्वासन लोकांपर्यंत कोणी पोहोचविले? रामकृष्ण मिशनने त्याच मे महिन्यात बंगाली व हिंदी भाषांत एक पत्रक काढले. ते विवेकानंदांचे. अफवांवर विश्वास ठेवू नका, सरकार कोणालाही बळाने टोचणार नाही, घर स्वच्छ ठेवा, आणि ज्याला कोणी नाही त्याची शुश्रूषा आम्ही करू, असा त्याचा आशय होता. पत्रकातील धार्मिक परिभाषा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते: सरकारने जे सांगितले तेच ते सांगत होते, फक्त बोलणारा माणूस वेगळा होता, भाषा वाचणाऱ्याची होती, आणि शेवटी कृतीचे वचन होते. पुढल्या वर्षी, १८९९ मध्ये, साथ परत आली तेव्हा ते वचन वटविण्यात आले. भगिनी निवेदिता बागबाजारच्या गल्लीत स्वतः झाडू घेऊन उतरल्या. ते पाहून लाजलेली पोरे मदतीला आली. डॉ. राधागोविंद कर वस्त्यांतून रुग्ण तपासत हिंडत. कोलकात्याच्या ज्या रुग्णालयाचे नाव ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील तरुण महिला डॉक्टरच्या हत्येमुळे देशभर गाजले, ते आर. जी. कर रुग्णालय याच गृहस्थांच्या नावाचे. मराठी वाचकाला येथे सावित्रीबाई फुले आठवतील. मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्ण मुलाला पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचा अंत झाला. त्यांच्या दारी आलेल्या माणसाला सरकारी अधिसूचनेची गरज पडली नसेल.

शरीर पणाला लावून विश्वास मिळविण्याचा हा प्रकार कलकत्त्याने त्याआधीही पाहिला होता. मुंबईत ज्यांच्या नावाची संस्था आहे ते हाफकिन १८९४ मध्ये कलकत्त्याच्या कांठाल बागान वस्तीत कॉलऱ्याची लस घेऊन गेले. लोक बिथरले, दगड आले. तेव्हा त्यांनी सर्वांसमक्ष स्वतःलाच सुई टोचून घेतली व बरोबरच्या भारतीय डॉक्टरांनीही त्यांचे अनुकरण केले. सुमारे २०० वस्तीकऱ्यांपैकी ११६ जण पुढे आले. नंतर तेथे कॉलऱ्याचा उद्रेक झाला तेव्हा तो न टोचलेल्यांत झाला. या शेजारच्या घराच्या अनुभवाइतके परिणामकारक पत्रक दुसरे नव्हते.

कॉलऱ्याच्याच संदर्भात १९७१ चे प्रकरण याहून मोलाचे आहे, आणि त्याची पुरेशी आठवण खुद्द आपल्या देशात ठेवली गेली नाही. पूर्व बंगालमधून पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांमुळे पळालेल्या निर्वासितांचा लोंढा सरहद्दीवर आला. वर्षअखेर त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. बनगावच्या छावण्यांत कॉलरा फैलावला. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, ते लावणारे हातही पुरेना, आणि रुग्णालयाच्या जमिनीवर रुग्ण विष्ठेत व वांतीत पडलेले. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स केंद्रातील डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक निर्णय घेतला. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढेच मिश्रण. कलकत्त्यातील संस्थेच्या ग्रंथालयाच्या खोलीत त्याच्या पुड्या बांधल्या गेल्या आणि रुग्णांच्या आयाबायांनी, नातलगांनी ते पाणी रुग्णाला पाजले. छावणीतील सुमारे ३० टक्क्यांचे मृत्यूचे प्रमाण या उपचाराखाली ३.६ टक्क्यांवर आले.

आता यात प्रसारमाध्यमांचा संबंध कोठे येतो? तो असा की अविश्वास येथेही होताच, आणि तो प्रथम अडाणी निर्वासितांचा नव्हता, शिकलेल्या कर्मचाऱ्यांचा होता. मरणाच्या दारातला माणूस मीठसाखरेच्या पाण्याने उठून बसेल हे त्यांना पटेना. बाटली, नळी आणि सुई यांचा चमत्कार त्यांनी पाहिला होता. तेव्हा महालनबीस व त्यांचे सहकारी या पाण्याला 'तोंडाने द्यायचे सलाइन' म्हणू लागले. शब्द जुना, विश्वासातला, कृती नवी. प्रत्यक्ष गुण दिसू लागल्यावर शंका मिटल्या. मिश्रण कसे करायचे याची पत्रके सरहद्दीवर वाटण्यात आली, आणि बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामाच्या गुप्त आकाशवाणी केंद्रानेही ती कृती ध्वनिक्षेपित केली. हे केंद्र कोणाच्या मान्यतेने चालले नव्हते. त्याच्यावर पाकिस्तान सरकारचा शिक्का नव्हता म्हणूनच लोक त्याला कान देत होते. आणि उलट, ज्यांच्याजवळ सर्व शिक्के होते त्या वैद्यकीय नियतकालिकांनी महालनबीसांचा निबंध आरंभी नाकारला. तो १९७३ मध्ये छापून आला. 'लॅन्सेट'ने या उपचाराला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले ते १९७८ मध्ये. अविश्वास ही केवळ झोपडपट्टीची मिरासदारी आहे असे समजणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात वारले, आणि पद्मविभूषण त्यांना त्यानंतर मिळाले.

हेच पाणी पुढे बांगला देशात घरोघर पोहोचविण्याचे काम ब्रॅक या संस्थेने १९८० पासूनच्या दशकात केले. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. कार्यकर्त्या बाया सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. त्यांचा मेहनताना घरांच्या संख्येवर ठरत नसे. आयांनी शिकविलेले किती लक्षात ठेवले आहे हे नंतर दुसऱ्या कोणी जाऊन तपासले की त्यावर ठरे. मध्येच असे आढळले की शिकविणाऱ्यांपैकी अनेक जण आपल्या घरी हे पाणी वापरतच नाहीत, आणि शिकणाऱ्या बायांना ते बरोबर कळते! मग आधी कार्यकर्त्यांची खात्री पटविण्यात आली. आपल्याकडच्या किती प्रचारखात्यांनी आपल्याच नोकरांना हा प्रश्न कधी विचारला आहे?

या पार्श्वभूमीवर २०२० कडे परत आले पाहिजे. त्या मार्चमध्ये १८९७ चाच साथरोग कायदा देशभर पुन्हा बाहेर काढण्यात आला. ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने वृत्तमाध्यमांना साथीसंबंधी अधिकृत निवेदनाचा आधार घेऊन ते प्रसिद्ध करण्याचा निर्देश दिला. सरकारची मागणी तर पडताळणी झाल्याखेरीज काही छापूच नये अशी होती. महाराष्ट्रात १८ एप्रिलच्या आदेशाने वृत्तपत्रे छापण्यास परवानगी, पण घरोघर टाकण्यास बंदी, असा विचित्र प्रकार झाला. म्हणजे साथीच्या ऐन काळात लोकांच्या दाराशी उरले ते दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनीवरचे पुढे ढकललेले संदेश. त्या दूरचित्रवाणीने काय केले याचा दाखला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या २१ ऑगस्ट २०२० च्या निकालपत्रात आहे. तबलिगी जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द करताना, त्यांना विषाणू पसरविणारे ठरविण्याचा मोठा प्रचार छापील व दृक्-श्राव्य माध्यमांनी चालविल्याचे न्यायालयाने नमूद केले. अधिकृत बातमी आणि अफवा यांच्यामधली भिंत किती पातळ असते पाहा. अफवेला परवानाधारक वाहिनी मिळाली की तिच्यावर बंदी येत नाही, तिला जाहिराती मिळतात.

कोलकात्यात त्याच एप्रिलमध्ये एका कोविड रुग्णालयाच्या कक्षातले म्हणून एक चित्रीकरण पसरले. जिवंत रुग्णांच्या शेजारी मृतदेह पडलेले त्यात दिसत होते. राज्य सरकारने लागलीच कोविड रुग्णालयांत भ्रमणध्वनी नेण्यास मनाई केली. कारण संसर्गाचे देण्यात आले. भ्रमणध्वनीवरून जंतू पसरतात हे शास्त्रीयदृष्ट्या खोटेही नाही. पण आत पडलेल्या रुग्णाचा घरच्यांशी असलेला एकमेव दुवा यामुळे तुटला. बाहेर दाराशी उभ्या असलेल्या मुलाला बाप जिवंत आहे की नाही हे कोण सांगणार, याची पर्यायी सोय मनाईहुकमाइतक्या तातडीने झाली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये डेंग्यूच्या साथीतही हेच सूत्र होते: बारासातच्या सरकारी रुग्णालयातील एका डॉक्टरने रुग्णांची गर्दी व खाटांची टंचाई यांचे वर्णन समाजमाध्यमावर लिहिले, आणि त्याला निलंबित करण्यात आले. खाटा वाढविण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

२०२१ च्या वसंतात निवडणुका आल्या. २७ मार्चपासून २९ एप्रिलपर्यंत मतदानाचे आठ टप्पे. सगळ्यांच्या सभा झाल्या, ब्रिगेड मैदानावरची २८ फेब्रुवारीची डाव्यांची सभाही त्यांत आली. लोकांना अंतर ठेवायला सांगणारे व्यासपीठावरून गर्दीचे कौतुक करीत होते. मग दुसरी लाट उसळली. त्या आठवड्यांत 'रेड व्हॉलंटियर्स' म्हणून काम करणाऱ्या तरुण पोरांचे दूरध्वनी क्रमांक शहरभर हातोहात फिरले. प्राणवायूचे नळकांडे हवे असले की लोक त्या क्रमांकांवर फोन करीत, अनेकदा इतर पक्षांचे मतदारसुद्धा. २ मेच्या मतमोजणीत डाव्यांना विधानसभेत एकही जागा मिळाली नाही. साथीतला विश्वास आणि मतपेटीतला विश्वास यांची खाती वेगळी असतात, हे ज्यांना कळायला हवे होते त्यांना त्या दिवशी कळले.

जूनमध्ये कसबा भागात मोफत लसीकरणाचे शिबिर भरले. फलक, अधिकाऱ्याची गाडी, नगरपालिकेचे नाव, सारे यथासांग. जादवपूरच्या तत्कालीन खासदार मिमी चक्रवर्ती लोकांना धीर यावा म्हणून तेथे गेल्या आणि सर्वांसमक्ष त्यांनी स्वतः सुई टोचून घेतली, थेट हाफकिनप्रमाणे. लस घेतल्यावर भ्रमणध्वनीवर जो सरकारी संदेश येतो तो त्यांना आला नाही, म्हणून त्यांना संशय आला व तक्रार झाली. चौकशीत उघड झाले की शिबिर भरविणारा स्वतःला सनदी अधिकारी म्हणविणारा भामटा होता, आणि कुप्यांवरच्या कोविशील्डच्या चिठ्ठीखाली अमिकासिन या प्रतिजैविकाची चिठ्ठी होती. त्याने शहरात अन्यत्रही शिबिरे भरविली होती आणि शेकडो लोकांनी सुई घेतली होती. संदेश त्यांनाही आला नव्हता. पण सरकारी कामात कागद उशिरा येतो हे त्यांना जन्मापासून ठाऊक असल्यामुळे, ते वाट पाहत थांबले होते.